फुलदाणीच्या बुडावरचं नाव

दोह्याहून अल खोरच्या रस्त्याला लागलं, लुसैलचे मनोरे मागे पडले, की थोड्या वेळाने उजव्या हाताला समैस्मा येतं. दोह्यातल्या मराठी मंडळींना हे गाव ठाऊक असतं ते सुट्टीच्या दिवशीच्या सहलीसाठी. उथळ, शांत समुद्र, लहान मुलांना बिनधास्त सोडून द्यावं असा किनारा, ओहोटीला लांबवर उघडी पडणारी वाळू आणि तिवरांची हिरवी झाडी. आम्ही मात्र इथे राहायलाच आहोत. दोह्याच्या मानाने घरभाडं परवडतं आणि नवऱ्याला कामावर जायला रस्ता मोकळा मिळतो, एवढंच कारण. गाव जुनं आहे. तेल सापडायच्या आधी इथली माणसं दोनच गोष्टींवर जगायची, मासे आणि मोती.

मोत्यांबद्दल थोडं सांगते, पुढे त्याचं काम पडणार आहे. उन्हाळ्यात, साधारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत, गावातले धडधाकट पुरुष लाकडी गलबतांवर चढून निघून जायचे. गलबताचा प्रमुख तो नोखदा. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच. पाण्यात बुडी मारणारा तो घैस आणि वर गलबतावर उभा राहून त्याची दोरी ओढणारा तो सैब. घैस नाकाला चिमटा लावायचा, दगडाच्या वजनाने सरळ तळाशी जायचा, टोपलीत शिंपले भरायचा आणि दम संपत आला की दोरीला हिसका द्यायचा. वर सैब जागा असेल तर तो जिवंत वर यायचा. एक-दीड मिनिटाचा खेळ, आणि तो दिवसातून कितीतरी वेळा. हंगामाआधी नोखदाकडून उचल घ्यायची, हंगाम संपला की हिशेब व्हायचा आणि उचल काही फिटायची नाही. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

हे मोती जायचे कुठे, तर मुंबईला. आखाती व्यापारी मुंबईत घरं करून राहायचे, तिथे मोत्यांची प्रतवारी व्हायची, ते विंधले जायचे आणि तिथून जगभर जायचे. आपल्या आज्यांच्या नथीत, तन्मणीत, चिंचपेटीत जे बसरा मोती होते ते बसऱ्याच्या विहिरीतून आलेले नव्हते, ते याच बहारीन-कतारच्या पाण्यातले. व्यवहार रुपयांत चालायचा. कतारमध्ये १९६६ पर्यंत रुपयाच चलनात होता, हे इथल्या नव्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता फुलदाणी.

माझे सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, पुण्याजवळच्या एका स्वीडिश कंपनीत टूलरूममध्ये होते. दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात १९६०च्या आसपास अशा बऱ्याच कंपन्या आल्या. अप्पांचे एक स्वीडिश साहेब मायदेशी परत जाताना घर आवरत होते, तेव्हा त्यांनी ही फुलदाणी अप्पांच्या हातात दिली. दीड वीत उंच, रंगहीन, आणि इतकी जाड काच की एका हाताने उचलायची हिंमत होत नाही. तिच्यावर कोरलेले उघडे पुरुष पाण्यात खाली झेपावताहेत, केस वर तरंगताहेत, खाली समुद्रातली झाडं आणि शिंपले. आमच्या सासूबाईंना ती उघडी माणसं काही रुचायची नाहीत, म्हणून पाहुणे आले की फुलदाणी तोंड भिंतीकडे करून बसायची.

अप्पा गेले. चिंचवडची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आणि दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं ठरलं. भांडी, पलंग, पुस्तकं यांची वाटणी पटकन झाली, फुलदाणीवर गाडी अडली. एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने ती जुनी बेल्जियम काच ठरवून किंमत सांगितली होती. मोठ्या दिरांचं म्हणणं, विकून तिघांत पैसे वाटून घ्यावेत. नाशिकच्या नणंदेचा त्याला सक्त विरोध, कारण अप्पा दर श्रावणात तिच्यात निशिगंध ठेवायचे. शेवटी असं ठरलं की वस्तू कोणाची, कुठली आणि खरंच काय लायकीची हे आधी कळू दे. काम आमच्या गळ्यात पडलं, आणि फुलदाणी अप्पांच्या दोन जुन्या सदऱ्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेतून कतारला आली.

काचेचा कर्ता शोधायचा तर आधी तिचं बूड पाहायचं. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. वस्तू आडवी धरून, बाजूने तिरका उजेड टाकून, भिंगातून पाहायचं. आमच्या फुलदाणीच्या बुडावर बारीक कोरीव अक्षरं निघाली. ऑरेफॉर्स हे नाव स्पष्ट होतं. ते कारखान्याचं आणि गावाचंही नाव. त्याच्यापुढे रोमन लिपीतलं एल, मग एक आकडा, आणि जरा बाजूला आणखी एक छोटंसं अक्षर.

इथून पुढे काम तसं सरळ आहे, कारण ऑरेफॉर्सने खुणांची शिस्त पाळली. आराखडा करणाऱ्या कलावंताला एक अक्षर दिलेलं असे. जी म्हणजे सिमॉन गाते, एच म्हणजे एडवर्ड हाल्ड, पी म्हणजे स्वेन पामक्विस्ट. आडनावाचं पहिलं अक्षर धरून चाललं तर एलपाशी माणूस फसतो, कारण तिथे लांडबर्ग नावाचेही एक कलावंत होते आणि पुढे लुंडिन नावाच्या एक बाई आल्या. पण निल्स लांडबर्ग यांची खूण एन आणि इंगेबोर्ग लुंडिन यांची डी. एल एकाच माणसाचं, विके लिंडस्ट्रँड यांचं. आकडा असतो नमुन्याचा. नुसत्या सहीवर मात्र कोणी विसंबू नये, सही नंतरही कोरता येते. काचेची जाडी, कोरण्याची खोली, बुडावरची वर्षानुवर्षांची बारीक घासण, हे सगळं सहीशी जुळावं लागतं. आणि विषय जुळावा लागतो. मोती काढणारे पाणबुडे हा विषय ऑरेफॉर्सच्या काचेवर १९३०च्या दशकात आणला तो लिंडस्ट्रँड यांनीच. बेल्जियम बाद झालं.

विके लिंडस्ट्रँड यांचा जन्म १९०४ चा, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोथेनबर्ग शहरातला. पाळण्यातलं नाव व्हिक्टर एमानुएल, पण आयुष्यभर ते विकेच राहिले. शिक्षण त्याच शहरातल्या कला-उद्योग शाळेत झालं. हात मुळात रेषेचा. काचेकडे येण्याआधी ते वर्तमानपत्रांसाठी चित्रं काढत. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. वर्तमानपत्रातल्या चित्रकाराला थोड्या रेषांत माणूस हलता दाखवावा लागतो, चूक खोडायला वेळ नसतो. पुढे त्यांच्या काचेवरची माणसं कधी नुसती उभी राहिली नाहीत, ती पोहतात, झेपावतात, वळतात. त्याचं मूळ मला तरी त्या घाईच्या रेषेत दिसतं.

१९२८ मध्ये ते ऑरेफॉर्सला गेले. हा कारखाना स्मोलांड नावाच्या जंगली प्रदेशात आहे. जमीन खडकाळ, शेतीला नाठाळ, पण लाकूड अमाप आणि भट्टीला लाकूडच लागतं. आधी तिथे लोखंडाचा कारखाना होता, त्याच्याच आवारात १८९८ मध्ये काचेची भट्टी पेटली. सुरुवातीला काय बनायचं, तर शाईच्या दौती आणि मुरंब्याच्या बरण्या. १९१३ मध्ये गोथेनबर्गचे योहान एकमान यांनी कारखाना घेतला आणि मग एक वेगळा विचार झाला. काच फुंकणारे उत्तम आहेत, तर त्यांना चांगले चित्रकार का देऊ नयेत. १९१६ मध्ये सिमॉन गाते आले, पुढच्याच वर्षी एडवर्ड हाल्ड. दोघेही चित्रकार. हाल्ड तर पॅरिसमध्ये मातीसच्या हाताखाली शिकलेले. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑरेफॉर्सच्या कोरीव काचेला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि बरण्यांचं गाव जगाला माहीत झालं.

आपल्याकडेही काचेचा इतिहास आहे, तो जाता जाता सांगायलाच हवा. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा, लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला. कराडजवळचा ओगले बंधूंचा कारखाना १९१६ चा, म्हणजे गाते ऑरेफॉर्सला आले तेच साल. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना ओगले हे नाव सांगावं लागत नाही. पण कंदिलावर कारखान्याचं नाव असे, काच फुंकणाऱ्याचं नसे. हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

तर चोवीस वर्षांचे लिंडस्ट्रँड जिथे आले तिथे दोन थोर माणसं आधीच बसलेली होती. गाते यांच्या आकृती भरदार, हाल्ड यांची रेषा हलकी, खेळकर. नवीन पोराने तिसरं काय करायचं? संधी आली १९३०च्या स्टॉकहोम प्रदर्शनात. गुन्नार आस्प्लुंड या वास्तुकाराच्या देखरेखीखाली भरलेल्या या प्रदर्शनाने स्वीडनमधली घरं, खुर्च्या, कपबशा सगळ्यांचं वळण बदललं. कमी नक्षी, स्वच्छ आकार, उपयोगाला महत्त्व. लिंडस्ट्रँड यांचं काम लोकांसमोर पहिल्यांदा ठळकपणे आलं ते इथे. त्यात रंगीत मुलाम्याने चितारलेली भांडीही होती. पण त्यांचा खरा बदल मला वाटतो तो काचेच्या जाडीत. आधीची कोरीव काच पातळ, नाजूक असायची. लिंडस्ट्रँड यांना काच जाड हवी होती, कारण त्यांना काच म्हणजे पाणी वाटत होती. जाड काचेत उजेड वाकतो. फुलदाणी जरा फिरवली की कोरलेला पाणबुड्या हलतो, मागच्या बाजूचा समोरच्याच्या पोटातून निघाल्यासारखा दिसतो. पाणबुड्याला पोहवायचं काम त्यांनी अर्धं रेषेवर सोपवलं आणि अर्धं काचेवर. १९३७ मधला त्यांचा शार्क मारणारा पाणबुड्याही याच जातीचा.

हे कोरायचं कसं, ते ऐका. एका फिरत्या दांड्याला तांब्याची छोटी चकती बसवलेली असते. काही चकत्या रुपयाएवढ्या, काही टाचणीच्या डोक्याएवढ्या. तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड टाकत राहायची. कापते ती पूड, तांबं नुसतं तिला धरून ठेवतं. कारागीर काच हातात घेऊन चकतीला खालून दाबतो. म्हणजे आपण लाकूड कोरतो तसं हत्यार वस्तूवर चालत नाही, वस्तूच हत्याराखाली फिरवावी लागते, आणि ती आमच्यासारखी जड असेल तर तासन् तास खांद्यावर भार. आकृती काचेत खोलगट कोरलेली असते, पण समोरून पाहताना ती फुगीर दिसते. छाती जितकी उठावदार दिसायला हवी तितकी ती खोल खणायची. सगळं उलटं डोक्यात ठेवायचं. एक चूक झाली की फुंकणाऱ्याची मेहनतही वाया.

म्हणजे या फुलदाणीचा कर्ता कोण, या प्रश्नाला एक नाव पुरत नाही. लिंडस्ट्रँड यांनी कागदावर आराखडा केला. भट्टीपाशी उस्ताद आणि त्याच्या चमूने काच फुंकली. घासणाऱ्याने तोंड आणि बूड घासून साफ केलं. कोरणाऱ्याने पाणबुडे कोरले. बुडावर कारखान्याचं नाव पूर्ण, कलावंताचं आडनाव किंवा त्याचं अक्षर, आणि कोरणाऱ्याचं जागा उरली तर एक छोटंसं अक्षर. फुंकणाऱ्याचं काहीच नाही. ऑरेफॉर्सला त्यातल्या त्यात चांगलं म्हणायचं, कारण अनेक कारखान्यांत तेवढं एक अक्षरही मिळत नसे. शिवाय तिथे कोरीवकाम शिकवणारी शाळा होती, आणि निल्स लांडबर्ग व स्वेन पामक्विस्ट हे दोघेही त्या शाळेत शिकून पुढे स्वतः कलावंत म्हणून मान्यता पावले. चकतीपासून सहीपर्यंतचा तो रस्ता अरुंद होता, पण होता.

आता साल बघा. लिंडस्ट्रँड पाणबुडे कोरून घेत होते ते १९३०चं दशक. त्याच दशकात इथल्या खऱ्या पाणबुड्यांचा धंदा बसला. जपानमधले मिकिमोटो यांचे कल्चर्ड मोती बाजारात आले होते, १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने श्रीमंतांचे खिसे आवळले, आणि मुंबईत आखाती मोत्यांना गिऱ्हाईक मिळेना. गलबतं किनाऱ्यावर वाळत पडली. कतारमध्ये तेलाचा करार झाला १९३५ मध्ये, पण तेलाचं पहिलं जहाज निघायला १९४९ ची अखेर उजाडली. मधली वर्षं उपासमारीची. कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली. स्वीडनच्या जंगलात काचेवर पाणबुडे डौलात झेपावत होते, आणि समैस्म्यासारख्या गावांत पाणबुड्याच्या घरी चूल पेटायची मारामार होती.

आमच्या शेजारी एक कतारी आजोबा आहेत. त्यांचे वडील घैस होते. रमजानमध्ये त्यांच्याकडून खाण्याची ताटं येतात, आम्ही दिवाळीला चकल्या देतो, इतपत घरोबा. त्यांना नातवाबरोबर बोलावून फुलदाणी दाखवली. सासूबाईंसारखं त्यांनाही उघडेपण खटकेल अशी मला धास्ती होती. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. बोट फिरवून त्यांनी पहिल्यांदा विचारलं की नाकाचा चिमटा कुठे आहे. मग फुलदाणी उजेडात फिरवून वरची बाजू शोधू लागले, आणि नातवाने समजावलं की आजोबा सैबला शोधताहेत. वर दोरी धरून कोणीच नसेल तर हा माणूस परत येणार कसा? त्यांच्या वडिलांचा सैब त्यांच्या आत्याचा नवरा होता, आणि ते दोघं हंगामात एकमेकांशी भांडत नसत, भांडण हंगाम संपेपर्यंत राखून ठेवत. चित्रकाराने सुंदर माणूस काढला, पण त्याला एकट्याला पाण्यात सोडला, असं त्यांचं मत पडलं. ते मला पटलं आणि नाहीही. शरीर पाण्यात कसं वळतं हे लिंडस्ट्रँड यांनी जितकं ओळखलं तितकं फार थोड्यांनी ओळखलं असेल. पण दोरी ओढणारा चौकटीच्या बाहेर राहिला, हे काही खोटं नाही.

लिंडस्ट्रँड यांना नुसत्या कोरीवकामावर थांबायचं नव्हतं. चित्र काचेच्या पृष्ठभागावर न राहता आत जावं, ही त्यांची ओढ. १९३६ च्या सुमारास त्यांनी मिकेने नावाची पद्धत आणली. तिच्यात गरम काचेच्या थरांमध्ये एक पूड नक्षीच्या आकारात टाकतात, तिचे बारीक बुडबुडे होतात आणि बुडबुड्यांचंच चित्र काचेत अडकून राहतं. पुढच्या वर्षी एरियल. काचेत खाचा पाडायच्या, ती पुन्हा तापवायची आणि वरून स्वच्छ काचेचा थर चढवायचा. खाचांत हवा कोंडली जाते आणि चित्र हवेचं बनतं. शेक्सपिअरच्या टेम्पेस्ट नाटकातल्या हवेच्या आत्म्याचं नाव तिला दिलं गेलं. या शोधात लिंडस्ट्रँड होते, शिल्पकार एडविन ओरस्ट्रम होते आणि भट्टीवरचे उस्ताद गुस्ताफ बर्गक्विस्ट होते. बर्गक्विस्ट यांचं नाव आज सांगितलं जातं हे समाधान आहे, कारण तापलेल्या काचेत हवा कोंडायची तर कागदावरची हुशारी अर्धी वाट चालते, उरलेली वाट फुंकणाऱ्याच्या मनगटातून जाते.

आणि इथेच लिंडस्ट्रँड यांच्या आयुष्यातलं वळण आहे. युद्ध सुरू झालं आणि १९४०च्या सुमारास त्यांनी ऑरेफॉर्स सोडलं. जाताना सह्या केलेल्या फुलदाण्या सोबत जातात, पद्धती कारखान्यात राहतात. एरियल पुढे ओरस्ट्रम यांच्या हातात वाढली आणि आज लोक एरियल म्हटलं की बहुधा ओरस्ट्रम यांचंच नाव घेतात. नोकरी बदललेल्या कुठल्याही इंजिनिअरला हे ओळखीचं वाटेल. आखातात तर घरटी एक असा सापडेल, ज्याने उभारलेला प्रकल्प दुसऱ्याच्या नावाने चालतोय.

पुढची काही वर्षं लिंडस्ट्रँड उप्साला-एकेबी या मातीकामाच्या कारखान्यात होते. ज्याने काचेत पाणी पाहिलं त्याने आता माती हातात घेतली. तिथे ते कलाविभागाचे प्रमुखही झाले. तो काळ मी पटकन ओलांडते, कारण त्यांची मातीची भांडी चांगली असली तरी त्यांचा जीव काचेत होता हे पुढच्या कामावरून दिसतं.

१९५० मध्ये ते कोस्टाला आले. कोस्टा म्हणजे स्मोलांडमधलाच, १७४२ मध्ये सुरू झालेला कारखाना. कोस्कुल आणि स्टाएल फॉन होल्स्टाइन या दोन संस्थापकांच्या आडनावांची सुरुवात जोडून नाव झालं कोस्टा. आपल्याकडे नवराबायकोच्या नावांतली अक्षरं जोडून बंगल्याचं नाव ठेवतात तसं. इथे लिंडस्ट्रँड १९७३ पर्यंत, म्हणजे तेवीस वर्षं, कलाविभागाचे प्रमुख होते. ऑरेफॉर्सला ते तिसरे होते, इथे पहिले. रंग आला, वाकडे आकार आले, काचेच्या पोटात झाडं उगवली. धुक्यातली झाडं नावाच्या त्यांच्या फुलदाणीत काळ्या खोडांच्या रेषा काचेत अडकलेल्या आहेत, आणि शरद ऋतू या फुलदाणीत झाडाभोवती रंगीत पानं. ज्यांनी स्वीडनचा ऑक्टोबर पाहिला आहे त्यांना त्या फुलदाण्या ओळखायला नाव वाचावं लागणार नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे कोस्टाची वस्तू असेल तर बुडावर एलच्या जोडीला दुसरं अक्षर पाहा. एल हे लिंडस्ट्रँड यांचं, दुसरं कामाच्या प्रकाराचं. एलएच असेल तर काम भट्टीपाशी झालेलं, एलजी असेल तर कोरीव. म्हणजे एलजी वाचून दक्षिण कोरियाची आठवण काढू नये.

वय वाढलं तशी त्यांची काचही वाढत गेली. हातात मावणारी वस्तू सोडून ते चौकात उभी राहणारी काच करू लागले. एकावर एक सपाट काचा चिकटवून त्यांनी मोठी शिल्पं उभारली. १९६७ मध्ये नॉर्शपिंग शहरात प्रिझ्मा, आणि १९७० मध्ये उत्तरेकडच्या उमेओ शहरात रेल्वे स्टेशनसमोर हिरवी आग. सुमारे नऊ मीटर उंच, दोन-तीन मजली घराएवढी. उमेओत हिवाळ्यात दिवस काही तासांचा, बर्फ महिनोन् महिने. तिथे गाडीतून उतरलेल्या माणसाला समोर काचेची हिरवी ज्वाळा दिसते. फुलदाणीत पाणी शोधणाऱ्या माणसाने शेवटी काचेतून आग काढली. विके लिंडस्ट्रँड १९८३ मध्ये गेले. ऑरेफॉर्सच्या भट्ट्या २०१३ मध्ये बंद झाल्या, कोस्टाची भट्टी अजून पेटती आहे. तिकडे जाणं झालं तर वेक्शो गावातल्या संग्रहालयात या सगळ्यांची काच एका छताखाली पाहायला मिळते.

घरचा निकाल सांगायचा राहिला. मी सगळी माहिती कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली, बुडाच्या फोटोसकट. मोठ्या दिरांनी दुकानदाराला नकार कळवला. पण विकायचा विचार त्यांनी सोडलेला नाही, उलट नाव कळल्यावर किंमत वाढेल असा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचाही नाही. नणंदेने वेगळाच हट्ट धरला. फुलदाणी तिन्ही घरांत तीन-तीन वर्षं फिरावी, आणि सोबत एक कागद असावा. तो कागद मी मराठीत लिहिला. आराखडा विके लिंडस्ट्रँड, काच ऑरेफॉर्सच्या भट्टीवरची, आणि कोरणाऱ्याचं अक्षर भिंगातून पाहून जसंच्या तसं गिरवलं. अप्पांचं नाव आणि निशिगंधाची गोष्टही त्यात आहे. मोठ्या दिरांनी कागद वाचून एवढंच कळवलं की निशिगंध ठेवताना पाणी रोज बदला, साचलेल्या पाण्याचा पांढरा डाग काचेवर बसला की निघत नाही. पहिली तीन वर्षं आमची.